जन्मदाखल्यावर नावच नाही: स्पाउस व्हिसाचा माझा अनुभव

नवरा अमेरिकन नागरिक, मी साताऱ्यात. त्याने माझ्यासाठी केलेला आय-१३० (नात्याचा अर्ज) मंजूर झाला, मी डीएस-२६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) भरला, त्याचा आय-८६४ही (माझ्या खर्चाची हमी) गेला आणि मग माझा जन्मदाखला नामंजूर होऊन आला. दाखला खराच, सही-शिक्क्यानिशी. पण बाळाच्या नावाची जागा कोरी, खाली फक्त आई-वडिलांची नावं. बारशाआधी नोंद झालेल्या कितीतरी जणांचं असंच असतं, म्हणून व्हिसाचा विचार असेल तर आपला दाखला आजच काढून बघा.

नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि आईचं प्रतिज्ञापत्र देऊन मी नाव नोंदवून घेतलं. तिथल्या बाईंनी स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. किती आधार वाटला सांगू! नवा दाखला अपलोड केला आणि कागदपत्रं पूर्ण असल्याचा मेल आला.

आता मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतल्या मुलाखतीची वाट बघतेय. पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून आधीच काढून ठेवलंय, मेडिकल मात्र तारीख हातात आल्यावरच करायचं. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत तिकडे पोचलात तर ग्रीन कार्ड दोन वर्षांचंच, सशर्त मिळतं. त्या अटी काढायचा अर्ज मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत करावा लागतो.