सोलापुरातला वळीव: अंदाज कसा वाचावा आणि काय आवरावं

होळी झाली की सोलापूरचा पारा चढणार, हे सांगायला हवामान खातं लागत नाही. एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडणं इथं नेहमीचंच. अडतं ते वळवापाशी: आज येईल का, आणि आला तर आपल्याच शिवारात येईल का?

१. सकाळी कमाल तापमानाबरोबर किमानही बघा. रात्री पारा पंचविशीखाली उतरत नसेल तर भिंती निवत नाहीत, शीण अंगातच राहतो. शिवाय कमाल आकडा सावलीतला असतो. पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रमाग चालवणाऱ्याने त्यावर आणखी भर धरावी.

२. अंदाजातले शब्द नीट वाचा. लोक फसतात ते इथंच. 'तुरळक ठिकाणी पाऊस' म्हणजे हलका पाऊस नव्हे. नोंद घेणाऱ्या केंद्रांपैकी फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस, एवढाच त्याचा अर्थ. तिथं तो धो-धोही कोसळू शकतो. जिल्ह्यात ११ तालुके. करमाळ्यात गारा पडल्या आणि अक्कलकोटला रखरखीत ऊन राहिलं, तरी अंदाज बरोबरच. इशाऱ्याच्या रंगांचंही तसंच: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा.

३. दुपारी दोननंतर पुन्हा बघा. हवामान विभाग पुढच्या तीन तासांचा 'नाऊकास्ट' देतो. वळवासाठी सकाळच्या अंदाजापेक्षा मला तोच जास्त कामाचा वाटतो. सोबत आभाळही बघा. वारा पडलाय, घाम वाळत नाही, आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा ढग उभा वाढत चाललाय, तर आवराआवर सुरू करा. मग अचानक धुळीचा गार वारा सुटतो. ढगातून पडणारं पाणी वाटेतच थोडं विरतं, त्यानं गार झालेली जड हवा खाली आदळून चौफेर पसरते. तो वारा अंगाला लागला की हातात थोडीच मिनिटं उरतात. पत्रे आणि फ्लेक्स उडतात ते याच वाऱ्यानं.

४. विजेसाठी फोनवर 'दामिनी' ॲप ठेवा. ते पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं आहे. फोन जवळ नसेल तर वीज चमकल्यापासून सेकंद मोजा. तिसाच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज साधारण दहा किलोमीटरच्या आत आहे. पक्क्या घरात जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. शेतात एकटं उभं असलेलं लिंबाचं झाड हा आडोसा नव्हे. जनावरंही त्याखाली बांधू नका.

५. शेतात आधी कडबा. मळणी झाली तरी गंजी उघडीच राहते. भिजून काळी पडली की भाव गेला. ताडपत्री नुसती टाकू नका, चारही बाजूंनी दगड बांधून ताणा. बेदाण्याच्या शेडला छतापेक्षा बाजूचे पडदे महत्त्वाचे, कारण वळीव तिरपा झोडपतो. गावात असाल तर गच्चीवरचे पापड-कुरडया दुपारच्या चहाआधीच खाली आणा, आणि गाडी होर्डिंगखालून काढा.