पाणी पायरीला लागायच्या आधी काय ठरवून ठेवायचं

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. कोल्हापुरात हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. त्यावेळी काय करायचं तेही पाठ असतं. तांदळाची पोती माळ्यावर, तेलाचे डबे वर, सिलिंडर बांधून ठेवायचा, रेशनकार्ड नि कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत. पण त्या आठ दिवसांत आपण माणसांशी कसं वागणार, याची तयारी सहसा कुणी करत नाही. ती कशी करायची ते मी सांगते.

गंगावेशीतून शिवाजी पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमचं किराणा दुकान आहे, सासऱ्यांच्या वेळचं. घर मागं चढावर. २००५, २०१९ आणि २०२१, हे तीन पूर मी गल्ल्यावर बसून काढले. पहिल्या वेळी मी वाईट वागले. पुढच्या दोन वेळा बरी वागले. मधल्या वर्षांत स्वभाव काही पालटला नाही, तयारी करायला मात्र शिकले.

२००५ ला पाणी दुकानाच्या अलीकडं थांबलं होतं. लाईट नव्हती. सासरे आजारी, वरच्या खोलीत. माझ्याकडं सुट्ट्या मेणबत्त्यांची खोकी होती, दोन रुपयाला एक. पहिल्या गिऱ्हाइकाला दोनलाच दिली. दुसऱ्यानं पाचची नोट पुढं केली आणि "असू दे काकी" म्हणून निघून गेला. तिसऱ्याला मीच पाच सांगितले. मधे कुठं थांबून विचार केला, असं झालंच नाही. संध्याकाळी मागच्या गल्लीतल्या एक वैनी आल्या. दोन मेणबत्त्या उचलल्या, पदराची ओली गाठ दातानं सोडली. "पाचला एक" म्हटल्यावर त्यांनी तळहातावरची नाणी परत मोजली. एक मेणबत्ती खोक्यात आडवी ठेवली, वात वाकडी झाली होती ती बोटानं सरळ केली, आणि गेल्या. भांडल्या नाहीत. पुढं कित्येक वर्षं साखरेच्या पुड्यासाठी त्या आमच्या दारावरून दोन गल्ल्या पलीकडं जायच्या. गणपतीत मी जास्तीचे पैसे घेऊन त्यांच्या घरी गेले. "राहू दे की आता," एवढंच म्हणाल्या. पैसे घेतले नाहीत. तुमच्याकडून असं काही झालं असेल तर पहिल्या आठवड्यात जा. मी महिना घालवला, ते चुकलं.

तेव्हा पहिलं काम असं की दर कोरड्या दिवसांत ठरवा. छापील किमतीच्या वर विकणं हा गुन्हाच आहे, तिथं प्रश्न नाही. हात घसरतो तो सुट्ट्या मालावर: कांदे, बटाटे, तांदूळ, मेणबत्त्या. त्याला छापील किंमत नसते, तिथं तुमचा शब्द हीच किंमत. मी जूनमध्येच वहीत लिहून ठेवते आणि माझा नियम साधा आहे. नफा टक्क्यात धरायचा नाही, रुपयात धरायचा. एरवी बटाट्यामागं किलोला चार रुपये सुटत असतील तर पुरातही चारच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, शहरात भाजी, दूध, पेट्रोल सगळंच अडकलं. बटाटा मलाच दुपटीनं पडला. महाग विकावाच लागला, त्यात लाज नाही. खरेदीची पावती मी खिळ्याला लावली, वर चार रुपये. ज्याला बघायचं त्यानं बघावं. टक्क्यात धरलं असतं तर माल जितका महाग तितका नफा जास्त, आणि माल महाग व्हावा असं आपल्याच मनात यायला लागतं. हे मला फार घातक वाटतं.

त्याच पानावर माणशी माप लिहा. एका घराला मेणबत्त्या चार, तांदूळ पाच किलो, काडेपेटी एक. जाऊबाई आली तरी तेच. पहिली सूट आपल्या माणसाला दिली जाते आणि नियम तिथंच संपतो.

दुसरं, आपल्याला अडवायचा हक्क एका माणसाला आधीच देऊन ठेवा. माझ्याकडं तो सुनेकडं आहे. "आई, वही," एवढंच तिनं म्हणायचं. २०१९ ला दोनदा म्हणाली. पहिल्यांदा मला राग आला होता, पण हक्क मीच दिलेला, बोलायला तोंड नव्हतं. चार रात्री झोप नाही, अंगावर ओली साडी, टँकरच्या रांगेत दोन तास उभं राहून आलेलो. उपसा केंद्रं पाण्याखाली गेल्यानं सगळ्या शहराचं पाणी बंद होतं. अशा अंगानं माणूस विचार करत नाही, सवयीनं वागतो.

तिसरं जरा अवघड आहे. आपण कोण, हे एका वाक्यात सांगता यायला हवं. आडनाव, पेठ, तालीम यांतलं काही नको. "मापात मारत नाही त्या दुकानातली सून" हे माझं वाक्य. शाहू महाराजांची आणि गंगाराम कांबळेंची गोष्ट इथं सगळ्यांना ठाऊक आहे. पाण्याला शिवला म्हणून ज्याला मारहाण झाली, त्याला महाराजांनी चहाचं हॉटेल काढून दिलं आणि स्वतः तिथं जाऊन चहा प्यायले. नुसता हुकूम काढला असता तरी चाललं असतं, राजेच होते. पण सगळ्यांच्या देखत कप तोंडाला लावला. निवारा केंद्रात मला ते कामाला आलं. एका शाळेत आम्ही डबे पोचवायला जायचो. तिथं दोन-तीन घरं पंगतीला बसेनात, आमटी कुणी ढवळली यावरून कुजबुज चाललेली. भाषण करणं मला जमत नाही. मी त्याच पातेल्यातली आमटी वाढून घेतली आणि त्या घरांच्या समोर मांडी घालून जेवले. दोन घरं बसली. एक बसलं नाही. ते उपाशी राहिले याचं मला वाईट वाटलं, पण वेगळं पातेलं मांडा असं मी म्हणाले नाही.

दुकानात पाणी शिरलं तेव्हा उधारीची वही ड्रॉवरमध्येच राहिली होती, तिचा लगदा झाला. लोकांना सांगितलं, तुम्हीच आकडा सांगा. काही जण परत आले नाहीत. एक रिक्षावाला आला, म्हणाला सातशे चाळीस. माझ्या आठवणीत पाच-साडेपाचशे होते, तसं म्हटलंही. त्यानं खिशातून घडी घातलेला कॅलेंडरचा कागद काढला. बायकोनं मीठ-मिरचीसुद्धा तारखेसकट लिहिलं होतं. त्याची रिक्षा चार दिवस पाण्यात होती. मी सांगितलं, दिवाळीनंतर दे. उधारी सोडायची असेल तर सरसकट सोडू नका, मुदत वाढवा. फुकट दिलं की अशा माणसाला दुकानात यायला अवघड होतं.

आता मदतीच्या यादीचं. २०१९ ला घरात पाणी शिरलेल्या कुटुंबांना शहरात १५ हजार आणि गावात १० हजार मिळाले. दुकान बुडालं होतं, त्याचं नुकसान लिहून दिलं, पै न् पै. घर मात्र वाचलं होतं, पाणी दुसऱ्या पायरीवर थांबलं. गल्लीतले म्हणाले, लिहा की, सगळेच लिहितायत. धाकट्या मुलाचंही तेच म्हणणं. फ्रीज जळालेला, मालाचं देणं अंगावर, १५ हजार ही काही थोडकी रक्कम नव्हे. मी नाही म्हटलं आणि तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. इथं माझं चुकलं ते वेळेचं. हे घरात सगळ्यांनी मिळून आधी ठरवायला हवं होतं. माणसं दारात आल्यावर ठरवायची ही गोष्ट नाही, कारण जो दार उघडतो तोच उत्तर देतो. पुढच्या वर्षी मे महिन्यात आम्ही जेवताना हा विषय काढला. तासभर वाद झाला, त्याची बाजूही मी ऐकून घेतली.

२०२१ ला पाणी ५६ फुटांवर गेलं. पंचनाम्याची माणसं आली तेव्हा मी खाली दुकानातला गाळ काढत होते. घराचं दार धाकट्यानं उघडलं. मला वरून त्याचा आवाज ऐकू आला, "आत नाही आलं साहेब, तिसऱ्या पायरीपर्यंत होतं."