गणपतीपुढच्या प्रश्नमंजुषेचे प्रश्न कसे काढावेत

रत्नागिरीकडच्या आमच्या वाडीतल्या सार्वजनिक गणपतीपुढे एका रात्री आरतीनंतर प्रश्नमंजुषा असते. गेली एकोणीस वर्षं तिचे प्रश्न मी काढते. शाळेत भूगोल शिकवत होते म्हणून पहिल्या वर्षी हे काम माझ्याकडे आलं आणि राहिलं. आता श्रावण लागला की मुंबई-पुण्याकडून फोन सुरू होतात, "बाई, तुमचे प्रश्न पाठवा ना, आमच्या सोसायटीत घ्यायचेत." प्रश्न मी देत नाही, कसे काढायचे ते सांगते. आयते प्रश्न वाचून दाखवणाऱ्याला हरकत आली की उत्तर देता येत नाही, आणि हरकत येतेच. म्हणून सांगायचं ते एकदाच सविस्तर लिहून काढलंय.

दोनशे पानी वही घ्या. उजव्या पानावर प्रश्न आणि उत्तर. डावं पान कोरं ठेवा. तिथे उत्तर कुठे सापडलं, दुसरीकडे कुठे पडताळलं आणि कोणत्या तारखेला, एवढं लिहायचं. डावं पान भरल्याशिवाय तो प्रश्न वहीबाहेर काढायचा नाही. ही शिस्त मला कशी लागली ते पुढे येईलच.

सुरुवात प्रश्नाच्या शब्दांपासून करू. "जगातला सर्वांत उंच पर्वत कोणता?" हा प्रश्न सगळीकडे विचारतात आणि तो अर्धवट आहे. समुद्रसपाटीपासून मोजलं तर एव्हरेस्ट. नेपाळ आणि चीननं मिळून डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर. पण पायथ्यापासून माथ्यापर्यंत मोजायचं म्हटलं तर हवाई बेटावरचा मौना केआ पुढे जातो. पाण्यावर तो ४,२०७ मीटरच दिसतो, पण त्याचा पाया समुद्राच्या तळाशी आहे आणि तिथपासून तो दहा हजार मीटरच्या वर भरतो. आणि पृथ्वीच्या केंद्रापासून सर्वांत लांबचं टोक विचारलंत तर ते इक्वेडोरमधल्या चिंबोराझोचं. तो एव्हरेस्टपेक्षा अडीच हजार मीटरनं ठेंगणा, तरी त्याचं टोक केंद्रापासून सुमारे दोन किलोमीटर जास्त दूर. म्हणून प्रश्नात "समुद्रसपाटीपासून" हा एक शब्द हवाच. तो नसेल तर मौना केआ म्हणणाऱ्या मुलाला तुम्ही चूक कसं ठरवणार?

मी मात्र एव्हरेस्ट विचारतच नाही, तो सगळ्यांना येतो. मी विचारते, "चिंबोराझो ठेंगणा असून केंद्रापासून लांब कसा?" उत्तर कुणाला आलं नाही, तर मांडवात कणकेचा गोळा नेलेला असतो. दोन तळव्यांत धरून वरून-खालून हलका दाबला की मधून फुगतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून ती विषुववृत्तावर अशीच फुगलेली आहे. तिथली त्रिज्या ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरनं जास्त. चिंबोराझो विषुववृत्ताच्या अगदी जवळ, फुगवट्यावरच उभा. एव्हरेस्ट २८ अंश उत्तरेला. पुढच्या रांगेतली बारकी पोरंसुद्धा तो गोळा हातात घेऊन बघतात आणि पुढच्या वर्षी तेवढंच बरोब्बर आठवतं त्यांना.

तसंच "सर्वांत मोठं वाळवंट". सहारा म्हणायचं असेल तर "उष्ण वाळवंट" म्हणा. वाळवंट ठरतं ते पावसाच्या कमतरतेवर, वाळूवर नाही, आणि त्या हिशेबानं अंटार्क्टिका सहाऱ्याहून मोठं. "सर्वांत लांब नदी" मी वहीतून खोडूनच टाकली आहे. नाईल की ॲमेझॉन, हे उगम कुठे धरायचा आणि मुख कुठे धरायचं यावर फिरतं. ज्या वादात तज्ज्ञांचं एकमत नाही तो प्रश्न दोन गुणांसाठी पोरांपुढे टाकू नये.

आता हेलियम. काही वर्षांपूर्वी मी विचारलं होतं, "हेलियमचा शोध कोणत्या ठिकाणाहून लागला?" माझ्या चिठ्ठीवर उत्तर होतं विजयदुर्ग. आमच्याकडे हे सगळेच सांगतात. किल्ल्यावर चौथरे आहेत, त्यांना साहेबाचे ओटे म्हणतात. शाळेची सहल न्यायची तेव्हा मीच मुलांना त्यांच्यावर उभं करून सांगत असे, की इथून लॉकयर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ साहेबानं सूर्यग्रहण बघितलं आणि हेलियम शोधला. त्या रात्री आठवीतल्या एका मुलीनं उत्तर दिलं, गुंटूर. मी चूक दिली. ती काही बोलली नाही, ओठ मिटून बसली. तिचा संघ एका गुणानं हरला. दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयातलं पुस्तक घेऊन ती माझ्या पडवीत आली आणि बोट ठेवून म्हणाली, "बाई, इथे गुंटूर लिहिलंय."

मग मी शोधायला बसले. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं. फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ ज्यूल जान्सेन ते बघायला खरोखरच गुंटूरला आले होते. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटात, म्हणजे त्यांचा प्रकाश फोडल्यावर मिळणाऱ्या रंगांच्या पट्ट्यात, त्यांना तेजस्वी रेषा दिसल्या आणि ग्रहण नसतानाही त्या बघता येतील अशी रीत त्यांनी दुसऱ्याच दिवशी वापरून पाहिली. नॉर्मन लॉकयर त्या वेळी भारतात नव्हतेच. त्यांनी इंग्लंडमधून, ग्रहणाशिवाय, २० ऑक्टोबर १८६८ ला तशाच रेषा पाहिल्या. त्यांतली पिवळी रेषा सोडियमच्या रेषांजवळ होती, पण सोडियमची नव्हती. पृथ्वीवर माहीत नसलेल्या कुठल्या तरी मूलद्रव्याची ती असावी, असं त्यांनी मांडलं. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हणू लागले. पुढे १८९५ साली विल्यम रॅम्से यांना युरेनियमच्या एका खनिजात तो वायू हाती लागला.

मग विजयदुर्गाचं काय? लॉकयर विजयदुर्गाला आले, हे खरंच. पण ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, हेलियम सापडून गेल्यावर. मला स्वतःलाच वाटलं, हे आधी कसं सुचलं नाही! ऑगस्टात आमच्या किनाऱ्यावर सूर्याचं तोंड दिसायची मारामार. ग्रहण बघायला माणूस इथे यायचा तो जानेवारीतच. विजयदुर्गाचं महत्त्व यानं जराही कमी होत नाही. पण माझं उत्तर चूक होतं, आणि नीट बघितलं तर प्रश्नही चूक होता. शोध एका जागी, एका क्षणी लागलाच नव्हता. पुढच्या वर्षी प्रश्नमंजुषा सुरू करण्याआधी मी हे सगळं माइकवरून सांगितलं आणि त्या मुलीला पुढे बोलावून तिचा गुण तिला दिला.

आता तोच प्रश्न वहीत असा आहे: "१८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचं निरीक्षण ज्यूल जान्सेन यांनी आजच्या आंध्र प्रदेशातल्या कोणत्या गावाहून केलं?" लांबलचक आहे, पण याला उत्तर एकच.

यातून शिकण्यासारखं एवढंच, की जी गोष्ट आपल्या गावाची, आपल्या अभिमानाची, ती दुप्पट पडताळायची, कारण तिच्यावर शंका घ्यायला मन तयार नसतं. आणि पडताळणी म्हणजे दोन ठिकाणी तेच वाक्य सापडणं नव्हे. सामान्यज्ञानाची पुस्तकं एकमेकांवरून उतरवलेली असतात. दहा पुस्तकांत एकच चूक दहा वेळा मिळते. चिनी भिंत चंद्रावरून दिसते, हे असंच फिरत आलेलं वाक्य. हिशेब करून बघा. भिंत काही मीटर रुंद, चंद्र ३,८४,००० किलोमीटरवर. म्हणजे डोक्याचा एक केस सहा-सात किलोमीटरवरून बघण्यासारखं झालं. लांबी कितीही असली तरी केस तो केसच. चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई २००३ मध्ये पृथ्वीभोवती फिरून आले. त्यांनाही भिंत दिसली नव्हती.

इतिहासात तारखांवर लक्ष ठेवा. "गॅलिलिओ वारला त्याच वर्षी कोण जन्मलं?" याचं छापील उत्तर न्यूटन, साल १६४२. पण न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२ हा इंग्लंडच्या तेव्हाच्या जुन्या पंचांगाप्रमाणे. आजच्या पंचांगानं तो ४ जानेवारी १६४३. गॅलिलिओ ज्या इटलीत वारले तिथे नवं पंचांग आधीच लागू होतं. दोन पंचांगांतल्या तारखा शेजारी ठेवून जमवलेला हा योगायोग आहे. रशियाची ऑक्टोबर क्रांती आजच्या पंचांगानं ७ नोव्हेंबर १९१७ ला झाली, ती याच कारणानं. असा प्रश्न विचारायचाच असेल तर फरकावरच विचारा: ऑक्टोबर क्रांतीचा वाढदिवस नोव्हेंबरात का?

बदलणाऱ्या उत्तरांपुढे मी वहीत लाल ठिपका देते. शनीचे चंद्र, देशांची नावं, राजधान्या, आपल्याकडचे जिल्हे. स्वाझीलँड २०१८ मध्ये इस्वातिनी झालं. कझाकस्तानच्या राजधानीचं नाव २०१९ मध्ये अस्तानाचं नूर-सुलतान झालं आणि २०२२ मध्ये परत अस्ताना. लाल ठिपक्याचे प्रश्न स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात पुन्हा तपासायचे, नाहीतर गाळायचे. मी बहुतेक गाळतेच.

आता माझ्या आवडीचा भाग. नुसतं आठवून सांगायचे प्रश्न पाचात दोनच ठेवा. बाकीचे असे हवेत, की माहीत नसलं तरी डोकं चालवून उत्तराजवळ पोचता येईल. असे प्रश्न घरातच सापडतात. एका वर्षी विचारलं, "उपासाच्या खिचडीतला आपल्याकडचा साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो, शेंगदाणा, बटाटा आणि हिरवी मिरची, यांतलं मूळचं भारतातलं काय काय?" मांडवात कुजबुज. कुणी शेंगदाणा म्हणालं, कुणी मिरची. उत्तर आहे, एकही नाही. चारही अमेरिका खंडांतली. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोचला, वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला, आणि पुढे पोर्तुगीजांच्या जहाजांनी मिरचीसारखी पिकं आपल्या किनाऱ्याला लागली. बटाटा हा शब्दच पोर्तुगीज. मागच्या बाकावरच्या एका आजोबांनी विचारलं, "मग त्याच्या आधी उपासाला काय खायचे?" कुणीतरी ओरडलं, रताळं! रताळंही अमेरिकेचंच. वरी, शिंगाडा, सुरण ही आपल्याकडची. एका प्रश्नावर पंधरा मिनिटं गेली, पण त्या पंधरा मिनिटांची आठवण लोक अजून काढतात.

दुसरा असा प्रश्न वेळेचा. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. त्याला चारानं गुणलं की ३३० मिनिटं, म्हणजेच ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबई ७२ अंश ५० मिनिटं रेखांशावर (ही मिनिटं घड्याळाची नाहीत, अंशाचा साठावा भाग), म्हणजे तिचा स्वतःचा हिशेब ४ तास ५१ मिनिटांचा, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबई शहरानं आपली बॉम्बे टाइम १९५५ पर्यंत सोडली नव्हती. प्रश्न असा घालायचा: "मुंबईचं घड्याळ ३९ मिनिटं मागे का होतं?" भूगोल, गणित, इतिहास, तिन्ही एकत्र आलं. पडताळा अंगणात होतो. आमच्याकडे सरळ काठी रोवली तर तिची सावली सर्वांत आखूड होते ती बाराला नाही, साडेबाराच्या पुढेमागे. ऋतूप्रमाणे दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे.

संघ करताना चाकरमानी आणि गावातले मिसळा, आणि प्रत्येक संघात एक तरी साठीपुढचं माणूस आणि एक तरी शाळकरी मूल ठेवा. सहा संघ, पाच फेऱ्या, तीस प्रश्न आणि दहा राखीव एवढं पुरतं. प्रश्न दोनदा वाचा, दुसऱ्यांदा सावकाश. हरकत आली तर डावं पान उघडून माइकवर वाचा. पान कोरं असेल तर प्रश्न बाद करून राखीवातला घ्या, वाद घालू नका.

बरोबरी सुटत नसेल तर झटपट प्रश्नावर नशीब ठरवू नये. आकड्याचा प्रश्न घाला, जवळचा आकडा जिंकेल असा. मागच्या वर्षी दोन संघ राहिले होते. मी विचारलं, "या मांडवापासून विषुववृत्त सरळ दक्षिणेला किती किलोमीटर?" कागदपेन्सिल दिली, दोन मिनिटं दिली. एका संघानं आपसात बोलून तीन हजार लिहिलं. दुसऱ्यात सातवीतला मुलगा होता, त्यानं आजीला विचारलं, "रत्नागिरी सतरा अंशावर ना गं?" आजी म्हणाली, "हो, पुस्तकात होतं आमच्या." अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे एकशे अकरा किलोमीटर, म्हणून त्यानं सतरा गुणिले एकशे अकरा असं मांडलं, हातचे धरून गुणाकार केला आणि कागद माझ्याकडे दिला. त्यावर १,८८७ होतं. माझ्या डाव्या पानावरही तोच आकडा होता.