मटकी, यीस्ट आणि दोन बरण्या: पेशींचं श्वसन घरी कसं पाहावं

आमच्या इंदुरात मुलं शाळेत ‘वायवीय’, ‘अवायवीय’ असं पाठ करतात. मराठी पुस्तकांतलं तेच ऑक्सिश्वसन (ऑक्सिजन वापरून होणारं) आणि विनॉक्सिश्वसन (ऑक्सिजनशिवाय होणारं). दहावीतल्या भाचीला फरक विचारला, तर म्हणाली, “एकात कार्बन डायऑक्साइड निघतो, दुसऱ्यात नाही.” हा गैरसमज फार जणांचा आहे. तो स्वयंपाकघरातच दूर होतो.

आदल्या रात्री पानाच्या दुकानातला चमचाभर चुना ग्लासभर पाण्यात ढवळून, झाकून ठेवा. सकाळी वरची निवळी अलगद काढून घ्या. कार्बन डायऑक्साइड मिळाला की ती दुधाळ होते. हे मोठ्यांनीच करावं, चुना डोळ्यांत जाता कामा नये.

आता मोड आलेली मूठभर मटकी बरणीत घाला, मधोमध वाटीत निवळी ठेवा आणि झाकण घट्ट लावा. शेजारी उकडून गार केलेल्या मटकीची तशीच बरणी हवी. काही तासांत जिवंत मटकीजवळची निवळी दुधाळ होते. हे ऑक्सिश्वसन.

मग बाटलीत कोमट पाणी, दोन चमचे साखर, चमचाभर सुकं यीस्ट. तोंडाला फुगा. थंडीत बाटली शालीत गुंडाळा, नाहीतर तासभर वाट पाहूनही काही होत नाही. फुगा उभा राहिला की चिमटीत धरून काढा आणि त्यातली हवा नळीने ताज्या निवळीत सोडा. तीही दुधाळ! हे विनॉक्सिश्वसन. भाची बघतच राहिली.

मग फरक कुठे? बाटलीचा वास घ्या: अल्कोहोल. सुरुवात दोन्हीकडे सारखीच. पेशीद्रव्यात ग्लुकोजचे दोन तुकडे, म्हणजे पायरुव्हेट, होतात आणि पेशीला २ एटीपी (ऊर्जा साठवणारे रेणू) मिळतात. इथवर ऑक्सिजन लागतच नाही. मटकीत पायरुव्हेट पुढे तंतुकणिकेत, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, जातं, हान्स क्रेब्स यांनी १९३७ साली मांडलेल्या चक्रातून फिरतं. शेवटी ऑक्सिजनचं पाणी होतं आणि एकूण कमाई सुमारे ३०-३२ एटीपी (जुन्या पुस्तकांत ३८). यीस्ट अल्कोहोलपाशीच थांबतं. ग्लुकोजमधली बरीचशी ऊर्जा तशीच त्यात उरते, म्हणून तर स्पिरिट पेटतं.

एक सांगते: यीस्ट उघड्या पातेल्यात ठेवून ऑक्सिश्वसन दाखवू नका. साखर मुबलक असली की बेकरीचं यीस्ट हवा असतानाही किण्वनच (ऑक्सिजनशिवाय साखरेचं अल्कोहोल) करतं.

भाचीने नंतर आपण होऊन विरजण लावलेल्या दुधाच्या बाटलीवर फुगा बसवला. सकाळी दही लागलं होतं, फुगा मात्र लोंबकळतच. विरजणातले जिवाणू पायरुव्हेटचं लॅक्टिक आम्ल करतात, त्यात वायू सुटत नाही. जोरात धावताना आपल्या स्नायूंतही हेच घडतं.