तिसरा किलोवॅट घेण्याआधी

छतावरच्या सोलरचा खर्च किती वर्षांत वसूल होईल, हे काढताना बिलाची रक्कम भागिले युनिट असा सरासरी दर धरू नका. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत : १००, ३००, ५०० युनिट. सोलर आधी वरच्या, महागड्या टप्प्यातली युनिट वाचवतं.

एक किलोवॅट महिन्याला साधारण १२० युनिट देतो. महिना ३५० युनिट वापर असेल तर दोन किलोवॅटने २४० वाचतात, उरतात ११०. तिसरा किलोवॅट यातली बहुतेक स्वस्तातलीच युनिट वाचवणार! शिवाय पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० अनुदान, तिसऱ्याला फक्त १८,०००. एसी किंवा ई-स्कूटर लवकरच येणार असेल, तर गोष्ट वेगळी.

विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये सहसा नसतं ते असं : स्थिर आकार बिलात राहतोच, आणि इन्व्हर्टर बहुधा दहा-बारा वर्षांत बदलावा लागतो. पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनलच्या कोपऱ्यावर पडली तरी त्याच्याशी एका मालिकेत जोडलेल्या बाकीच्या पॅनलचं उत्पादनही घटू शकतं. डिसेंबरात सकाळी नऊला छतावर जाऊन सावली बघा. तेव्हा ती लांब पडते.