जज ड्रेडचे व्हिलन पडद्यावर आणायचेत? जज डेथला आधी बाजूला ठेवा

जज ड्रेड म्हणजे ब्रिटिश कॉमिकमधला भविष्यातल्या शहरातला पोलीस-कम-न्यायाधीश, त्याच्यावर पिक्चरची सिरीज काढायची असेल तर पहिल्याच पार्टमध्ये जज डेथला आणू नका राव. माहितीये, सगळ्यांना तोच हवा असतो, 1980 मध्ये आला तेव्हापासून तोच लाडका आहे. पण त्याचं म्हणणं काय, तर गुन्हे जिवंत माणसंच करतात म्हणजे जगणं हाच गुन्हा. आता हे अंगावर कधी येणार? ड्रेडच्या शहरात पकडणारा, दोषी ठरवणारा आणि शिक्षा देणारा एकच माणूस असतो हे प्रेक्षकाने आधी पोटभर बघितलं असेल तेव्हाच, नाहीतर डेथ म्हणजे नुसतं हॉरर पिक्चरमधलं भूत.

म्हणून सुरुवात छोट्या व्हिलनने करा. 2012 च्या पिक्चरने हेच केलं, त्यातली व्हिलन मा-मा कॉमिकमध्ये नव्हतीच, 200 मजल्यांची एक बिल्डिंग, एक गँग, एक ड्रग, बास. तेवढ्यात कायदा कसा चालतो ते कळतं आणि बजेटही आवाक्यात राहतं.

रिको, म्हणजे ड्रेडचा गुन्हेगार झालेला भाऊ, घ्यायचा असेल तर त्याचा चेहरा सोडू नका. 1977 च्या कॉमिकमध्ये तो शनीच्या टायटन या चंद्रावरच्या तुरुंगात शिक्षा भोगून येतो तेव्हा तिथे जगता यावं म्हणून त्याचं तोंड-नाक ऑपरेशनने पार बदलून टाकलेलं असतं, म्हणजे 20 वर्षांची शिक्षा चेहऱ्यावरच दिसते, डायलॉगची गरजच नाही. 1995 च्या पिक्चरमध्ये रिको मेन व्हिलन झाला पण हा चेहराच गायब, सगळा राग मग ओरडून दाखवायला लागला. मला तरी ते पटलं नाही.

मीन मशीन हा गुंड घेतलात तर त्याच्या कपाळावरचा, राग कमी-जास्त करणारा डायल खराखुरा बनवा, सीजीआय नको, एक-दोन सीन पुरे.

दुसऱ्या पार्टला जज कॅल. कॅलिगुला या लहरी रोमन सम्राटावर बेतलेला, चीफ जज होतो आणि गोल्डफिशला डेप्युटी चीफ जज करतो. इथे लोक कॉमेडी करायला जातात आणि सगळं घालवतात. माझ्या डोक्यात सीन असा आहे, हॉलभर जज उभे, समोर काचेच्या भांड्यात मासा, एकेक जण पुढे येऊन त्याला सॅल्यूट करतोय, बॅकग्राउंड म्युझिक नाही, कॅमेरा फक्त चेहऱ्यांवर. एकाच्या ओठाचा कोपरा जरा हलतो आणि शेजारचा घाबरून डोळे मिटतो. हसू प्रेक्षकाला येऊ दे, हॉलमध्ये कुणी हसायचं नाही, कारण हाच माणूस पुढे अख्ख्या शहराला मृत्युदंड सुनावणार आहे.

आता तिसऱ्यात आणा डेथ आणि त्याचे तिघे, फिअर, फायर, मॉर्टिस. फिअर हेल्मेट उघडतो आणि समोरचा भीतीने मरतो. आत काय आहे ते दाखवायचंच नाही हां, बघणाऱ्याचाच चेहरा दाखवा, दोन-तीनदा. मग ड्रेडची पाळी येते, तो आत बघतो आणि सरळ तिथेच ठोसा घालतो. एडिटर कितीही म्हणाला तरी तो ठोसा कापू देऊ नका.