सेव्हेची तालीम सोलापूरच्या मुरमावर: एक आयर्न, एक टॉवेल, दहा चेंडू

स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरच्या पेद्रेन्या गावात ९ एप्रिल १९५७ रोजी जन्मलेल्या गोल्फपटू सेव्हे बायेस्तेरोसला आठव्या वर्षी थोरल्या भावानं ३ नंबरचा आयर्न (लोखंडी डोक्याचा गोल्फ क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी) दिला. शाळा बुडवून तो तेवढ्यावरच समुद्रकाठच्या वाळूत सराव करायचा. पुढे त्यानं ब्रिटनमधली ओपन स्पर्धा तीनदा (१९७९, १९८४, १९८८), अमेरिकेतली मास्टर्स दोनदा (१९८०, १९८३) आणि युरोपियन टूरच्या ५० स्पर्धा जिंकल्या. ग्रीनजवळच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीजवळच्या) अडचणीतून सुटण्यात त्याचा हात धरणारे फार थोडे झाले. याचं मूळ त्या एका क्लबात आहे. पिशवीत चौदा क्लब असले की उंच फटक्यासाठी दुसरा काढता येतो. एकच असला की क्लबचं तोंड, चेंडूची जागा आणि मनगट यांतूनच वाट काढावी लागते. सोलापुरात सुरुवात करणाऱ्यानं हीच तालीम धरावी.

मात्र ३ नंबर नको. त्याच्या तोंडाला कल फार कमी, त्यामुळे नवख्याचा चेंडू उठतच नाही. जुना ७ नंबरचा आयर्न घ्या. घेताना दांडी एका हातात घट्ट धरून दुसऱ्या हातानं डोकं पिळून बघा. ते जरा जरी फिरलं तर सांधा सुटलेला आहे, तो क्लब घेऊ नका. ग्रिप (हातात धरायची मूठ) चकचकीत आणि कडक झाली असेल तर ती बदलण्याचा खर्च किमतीत धरा. शिवाय दहा चेंडू, एक टेरी टॉवेल आणि जाड सोलापुरी चादर. चादर चेंडू अडवायला दोरीवर टांगायची, खालचा काठ मोकळा ठेवायचा. ताणून बांधली तर चेंडू उसळून अंगावर येतो. ती अर्ध्या स्विंगपुरतीच (क्लबच्या अर्ध्या झोक्यापुरतीच) पुरते. पूर्ण फटका तिच्यावर मारू नये. चेंडू ४६ ग्रॅमपेक्षा किंचित हलका असला तरी दगडासारखा लागतो, म्हणून समोर आणि बाजूला माणूस नको.

काळं रान नको: पावसात चिखल क्लबला धरतो, उन्हाळ्यात भेगांत चेंडू अडकतो. मुरमाचं मैदान उत्तम, फक्त आधी खडे वेचा, नाहीतर मनगटाला झटका बसतो. नान्नजकडची माळढोक अभयारण्याची माळरानं मोकळी दिसली तरी तिकडे चेंडू घेऊन जायचं नाही. एप्रिल-मेमध्ये सकाळी ६ ते ८ एवढाच वेळ धरा.

मुरूम कडक असल्यामुळे चूक लपत नाही. क्लब आधी जमिनीला लागला की उसळतो, त्याची खालची धार चेंडूच्या पोटात बसते आणि चेंडू सरपटत सुसाट जातो. उपाय असा (उजव्या हाताच्या खेळाडूसाठी): पाय वीतभर अंतरावर, साधारण दोन तृतीयांश वजन डाव्या पायावर, चेंडू उजव्या पायाच्या अंगठ्यासमोर, हात चेंडूच्या किंचित पुढे. ग्रिप दोन इंच खाली धरा. मनगट न मोडता खांद्यांनी झुलवा. फटका संपेपर्यंत वजन डावीकडेच हवं. चेंडू ‘उचलायच्या’ नादात उजवीकडे कलणं, हीच बहुतेक बिघाडाची जागा. ते मोडायला टॉवेलची घडी चेंडूच्या मागे चार बोटांवर ठेवा. क्लब टॉवेलला लागला तर झोक्याचा तळ (क्लब जमिनीला टेकतो ती जागा) चेंडूच्या मागे पडतोय.

दहापैकी आठ वेळा क्लब टॉवेलला लागला नाही की तो उलगडून चार पावलांवर अंथरा आणि चेंडू त्यावर पाडा. आधी पाच चेंडू हातानं टाकून बघा. किती उंचीवरून पडलेला चेंडू किती घरंगळतो हे डोळ्याला कळतं. ७ नंबरच्या आयर्ननं असा मारलेला चेंडू हवेत थोडा आणि जमिनीवर त्याच्या चार-पाच पट जातो. मुरमावर आणखी पुढे, म्हणून आपल्या मैदानाचं माप पावलांनी मोजून ठेवा.

आता खरी सेव्हेची गोष्ट, म्हणजे तोंड उघडणं. दोन आठवड्यांच्या आत इकडे वळू नका. आधी क्लबचं तोंड उजवीकडे फिरवा, मग ग्रिप धरा. उलटं केलं तर फटक्याच्या वेळी तोंड पुन्हा बंद होतं. चेंडू डाव्या टाचेसमोर घ्या, पाय रुंद करा, गुडघे वाकवून हात खाली आणा. यानं कल वाढतो आणि धार जमिनीत कमी रुतते. हे मुरमावर नाही, वाळूत करायचं. शाळेच्या मैदानावरचा लांब उडीचा खड्डा परवानगी घेऊन वापरा, नंतर वाळू सारखी करून द्या. वाळूत चेंडूच्या दोन इंच मागे रेघ ओढा आणि चेंडू विसरून रेघेवरच क्लब आपटा. क्लब वाळूत थांबला तर चेंडू हलणारच नाही. स्विंग डाव्या खांद्यापर्यंत पुरा करा.

शेवटचा भाग अवघड जागांचा. १९७९ च्या ओपनमध्ये, रॉयल लिदमच्या सोळाव्या होलवर, सेव्हेचा पहिला फटका गाड्या उभ्या केलेल्या जागेत गेला आणि तरी त्यानं तिथून बर्डी केली, म्हणजे त्या होलसाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी घेतला. रोज शेवटचे दहा चेंडू पाठ फिरवून मागे फेका आणि जिथे पडतील तिथूनच टॉवेलकडे मारा. उतारावर खांदे उताराला समांतर ठेवा. बाभळीखाली मागे जागा नसेल तर ग्रिप दांडीपर्यंत खाली धरून नुसता ढकला. चेंडू सरकवून सोयीच्या जागी ठेवायचा नाही.